आज देव कोण?

प्रकाश रोज सकाळी वॉर्डातल्या माणसांचा निवाडा करायचा. सात वाजता आमची ड्युटी बदलली की तो दारात उभा राहून एकेकाकडे बोट दाखवायचा. "डॉक्टर देवमाणूस. गाववाले, तुमीपन देव. बाकी सगळे राक्षस." दुसऱ्या दिवशी मी राक्षसांत असायचो.

तो चिपळूणकडचा, सौदीतल्या जुबैलच्या एका कारखान्यात वेल्डर. कामगारांच्या कॅम्पात स्वतःचा हात कापून घेतला म्हणून कंपनीने त्याला आमच्या मनोरुग्णालयात आणून सोडलं. मी मिरजेचा, या रुग्णालयात नर्स. वॉर्डात मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून तो मला चिकटला. फाइलवर 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' असं निदान होतं. आपल्याला सगळे टाकून जातील ही भीती त्याला खाते, असं आमचे इजिप्तचे डॉक्टर समजावून सांगायचे.

खरं सांगायचं तर मला त्याची किळस यायची. चहा आवडला नाही की तो थुंकायचा, कधी माझ्या कपड्यांवरसुद्धा. माझ्या जोडीचा नर्स, केरळचा थॉमस, त्याला सांगायचा की मी त्याला कामचुकार म्हणतो, आणि मला सांगायचा की थॉमस माझी तक्रार करतो. त्यापायी आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही. त्याची लाळघोटी स्तुती तर थुंकीहून वाईट. ड्युटी बदलताना त्याच्या झोपेबद्दल, गोळ्यांबद्दल बोलायचं सोडून आम्ही दात काढत विचारायचो, "आज देव कोण?" त्याने काहीही केलं तरी फाइलवर मी एकच लिहायचो: लक्ष वेधण्यासाठी.

मग डॉक्टरांनी त्याच्याशी करार केला. चौदा दिवस शांत राहिलास, गोळ्या घेतल्यास, तर 'कामाला योग्य' असं लिहून देतो. नाहीतर कंपनी इकामा, म्हणजे तिथला राहायचा परवाना, रद्द करून त्याला कायमचं घरी पाठवणार होती. प्रकाशची अट एकच. "जाताना सांगून जावा. परत कधी येशाल ता पन सांगा." आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं.

तो खरंच शांत राहिला. भिंतीवर नखाने रेघा ओढून दिवस मोजायचा. बाराव्या दिवसापासून माझी महिनाभराची सुट्टी होती. सांगितलं तर गोंधळ घालेल, म्हणून सांगायचंच नाही, असं टीमने ठरवलं. पहिली मान मीच डोलावली.

"उद्या येशाल ना, गाववाले?"

"येतो की."

मिरजेत महिनाभर मी मजेत जेवलो, झोपलो.

परत आलो तर त्याचा पलंग रिकामा. थॉमस म्हणाला, "दो दिन दरवाजे पे खड़ा रहा. फिर खाना फेंका, दीवार पे सर मारा." कंपनीने त्याला विमानात बसवून दिलं होतं. फाइलवर कुणीतरी माझंच वाक्य लिहिलं होतं: लक्ष वेधण्यासाठी. डॉक्टर म्हणाले, "खलास. आजारच तसा आहे." आजार तसा होताच. खोटं मात्र मी बोललो होतो, धडधाकट डोक्याने. शी! त्या दिवशी मला माझीच किळस आली.

नंबर मिळवून मी त्याच्या गावी फोन लावला.

"गाववाले! तुमी देवमाणूस!" तो रडायलाच लागला. "उद्या करशाल ना फोन?"

"उद्या नाही. रविवारी, ड्युटी सुटल्यावर."

"राक्षस साले," म्हणून त्याने फोन आपटला.

रविवारी मी फोन लावला. त्याने उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही लावला.