गाजराच्या वाफ्यातला गवा

माझ्या मायनं उटीच्या डोंगरात गवा हाकलला, ही गोष्ट आमच्या कॉलनीत अजून हसत हसत सांगितली जाते. सांगणाऱ्यांना ती अर्धीच माहीत आहे. उरलेली मी सांगते.

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला आमची कॉलनी. मास्तर, कारकून, बँकवाले आणि प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. दर उन्हाळ्यात पाच-सहा घरं मिळून कुठंतरी जातात. त्या वर्षी निलगिरीच्या छोट्या आगगाडीनं उटीला जायचं ठरलं. डोंगरात नुसती झाडं बघायची नाहीत, जनावरं बघायची, गवा तर दिसलाच पाहिजे, असं प्राध्यापक सरांनी आधीच जाहीर करून टाकलं. त्यासाठी त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता, लांबलचक भिंगाचा.

माय रेणापूरजवळच्या आमच्या गावात राहते आणि शेत अजून स्वतः बघते. ती काही येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. पण जनावरांचं नाव काढताच ती तयार झाली. "हरणं, डुकरं, रोही, समदी बघितली बाई," ती म्हणाली, "पण निवांत न्हाई. दिसलं की हाकललं. एकदा नुस्तं बसून बघायचंय." उभा जन्म रानात घालवलेल्या बाईचं मागणं ते केवढं! खिडकी तिलाच द्यायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

आमच्या गावची एक रीत इथं सांगायला हवी. हरभरा घाट्यावर आला की पहाटेच्या दवात हरणांचे कळप उतरतात. तेव्हा आधी ओरडायचं, मग बघायचं. हाताला लागेल ते बडवायचं. जनावर दुसऱ्याच्या रानात असलं तरी ओरडायचं. रान आपलं नाही म्हणून गप्प राहणाऱ्याला आमच्याकडं कुणी माणसात धरत नाही.

तर, कुन्नूर सोडून गाडी उटीकडं चढत होती. समोरासमोर लाकडी बाकं, आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलेलो, माय खिडकीपाशी. खाली दरीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात कोबी आणि गाजरं. एका वळणावर कुणीतरी कुजबुजलं, "गवा!" रुळाच्या अगदी खालच्या बाजूला उभा होता. काळाभोर, आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. डबा चिडीचूप झाला. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि माझ्या शेजारून आवाज उठला, "हाऽऽड! हाड, हाड, हाड!" पाठोपाठ धपाट्यांचा स्टीलचा डबा खिडकीच्या चौकटीवर दणादण. गव्यानं मान वर केली, तोंडातून हिरवा पाला लोंबत होता, आणि एका उडीत बांध ओलांडून तो झाडीत शिरला. सरांच्या कॅमेऱ्यात तेवढं शेपूट आलं.

"अहो आजी, काय केलंत हे!" सर ओरडले. मागून कुणीतरी म्हणालं, "खेड्यातली माणसं बरोबर आणली की असंच व्हायचं." मायचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "गाजरं खाऊन राहिलं व्हतं गं. समदा वाफा तुडवला त्यानं." मी वाकून मागं बघितलं. खरंच, वाफ्याची पार वाट लागली होती. डबाभर माणसांना गवा दिसला, वाफा एकट्या मायला दिसला.

हे कळूनही संध्याकाळी हॉटेलात जेवताना मी काय करावं? माफी मागितली. "आईच्या वतीनं सॉरी, सर." गावात मी तिला माय म्हणते, नांदेडकरांसमोर आई. सर म्हणाले, "ठीक आहे हो. पण उद्या उतरताना पुन्हा खरं जंगल लागेल, तेव्हा त्यांना खिडकीपाशी बसवू नका." मी मान डोलावली. माय समोरच भात कालवत होती, तिनं वर बघितलं नाही. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडीत माय आपणहून बाकाच्या मधोमध जाऊन बसली. पदर घट्ट लपेटलेला, डबा पायांमागं सरकवलेला. तो डबा लपवलेला बघितला आणि माझं डोकं फिरलं.

"सर, कालची माफी मी परत घेते," मी म्हणाले. शाळेत शिकवताना वर्गात चढतो तसाच आवाज चढला होता.

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तो वाफा कुणाच्यातरी घामाचा होता. तुमच्या गुलाबाला शेळीनं तोंड लावलं तेव्हा काठी घेऊन गल्लीभर पळालात ना तुम्ही? तेव्हा नाही कॅमेरा काढलात!" कुणीतरी फिसकन हसलं. "माझी माय खिडकीपाशीच बसणार. ज्याला अडचण असेल त्यानं डबा बदलावा."

डबा कुणीच बदलला नाही. मी मायला हाताला धरून उठवलं आणि खिडकीपाशी नेऊन बसवलं. मला फार बरं वाटत होतं. सर जरा वेळानं मायला म्हणाले, "बसा आजी, बसा. फक्त ओरडू नका." मायनं मान हलवली.

कुन्नूरच्या खाली जंगल दाट झालं. मध्येच एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली. पलीकडच्या फलाटावर चहा होता, वडे होते आणि बिस्किटं पळवणारी माकडं होती. सगळे खाली उतरले. सर माकडांचे फोटो काढायला लागले. आम्ही दोघीच आत राहिलो, जंगलाच्या बाजूला तोंड करून.

तेवढ्यात समोरची झुडपं हलली. एक गवी बाहेर आली, मागोमाग तिचं तांबूस वासरू. हाकेच्या अंतराच्याही आत. मायचं तोंड उघडलं, हात डब्याकडं गेला. मग तिनं सगळीकडं नजर फिरवली. ना बांध, ना वाफा. हात मागं आला.

"खा माय," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हितं समदं तुझंच हाय."

"सरांना बोलवू का?" मी विचारलं.

"थांब की जरा. पहिल्यांदाच निवांत बघून राहिले."

मी थांबले. गवी चरत राहिली, वासरू तिच्या पोटाखाली ढुशा देत राहिलं. गाडीची शिट्टी झाली तशी दोघं सावकाश झाडीत गेली. माणसं धापा टाकत डब्यात चढली.

"काय आजी, दिसलं का काही?" सरांनी हसत विचारलं.

"दिसली की. गवी नि वासरू. लई वेळ व्हती."

"अहो, मग एक हाक नाही का मारायची!"

"तुम्हीच म्हणलाव न्हवं, वरडू नका," माय म्हणाली, आणि डबा उघडून तिनं त्यांच्यापुढं धपाटं धरलं.