शाळेचं चूलबंद आवतण

जिजाबाई स्वतः होऊन कधी फोन करत नाहीत. करायचाच झाला तर त्यांचे मालक धोंडूआप्पा नंबर लावून देतात, आणि मग जिजाबाई शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशा बोलतात. मे महिन्याची सुट्टी होती. मी नाशिकरोडला घरी लोणच्यासाठी कैऱ्या चिरत बसले होते. फोनवर त्यांचं नाव दिसलं, मी हॅलो म्हटलं, आणि पलीकडून अगदी हळू आवाजात, "बाई गेल्या वो. सकाळी उठल्याच नाय." मी बरं म्हटलं. हातातली कैरी पूर्ण चिरली, फोडी पातेल्यात टाकल्या, हात धुतले आणि मग रडले. माणसाचं असं का होतं, कोण जाणे.

बाई म्हणजे वासंतीबाई. सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठच्या एका लहानशा गावातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका. 'हाताखालची' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दोघीच तर आहोत, त्यात कसलं वर आणि कसलं खाली," म्हणायच्या. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या वाढल्या. वडील रेल्वेत, त्यामुळे शाळा भरण्याची वेळ त्यांच्या लेखी गाडी सुटण्याची वेळ होती. आवाज इतका खणखणीत की परिपाठाला माइकची कधी गरज पडली नाही. स्वयंपाकाशी मात्र उभा दावा. डब्यात कायम चपाती आणि चटणी. माझ्या डब्यातली भाजी त्या हक्काने उचलायच्या आणि वर मीठ कमी आहे असं सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद पडायला आली होती. गाव फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. हातात थोडा पैसा खेळू लागला तशी एकेक घरची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायला लागली. आमचा पट इतका घसरला की, या वर्षी सुधारला नाही तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकतील, असं केंद्रप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं. शेजारचं गाव हायवेच्या पलीकडे. ज्यांना बस परवडत नव्हती त्या घरच्या मुलींना तो रस्ता ओलांडून कोण पाठवणार? त्या घरीच बसल्या असत्या, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. वर्गाच्या खिडक्या लावता लावता बाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातून शाळेला कुलूप लागायला नको गं."

पालक सभेच्या सूचना आम्ही वर्षानुवर्षं काढत होतो. छापील, सहीशिक्क्याच्या. सभेला यायचे चार-दोन जण, तेही चहापुरते. त्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो. तिथे बाईंच्या लक्षात आलं, की पत्रिका कितीही गुळगुळीत छापली तरी तिला इथे कोणी विचारत नाही. घरचं माणूस कुंकवात रंगवलेल्या अक्षता घेऊन दारात आलं, तरच ते बोलावणं. बस्स, बाईंनी मनावर घेतलं. शाळेच्या पहिल्या दिवसाचं बोलावणं द्यायला आम्ही दोघी ताटलीत अक्षता घेऊन निघालो. पहिली अक्षत मारुतीला वाहिली आणि मग ज्या ज्या घरात शाळेच्या वयाचं मूल होतं त्या त्या घरी गेलो. लोकांनी पाट मांडले, पाणी दिलं, "यायलाच पाह्यजे बाई," म्हणाले. बाई इतक्या खूश होत्या की परतताना त्यांनी माझ्याकडून लिंबू सरबत करवून घेतलं.

शाळा उघडली त्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण होतं, सतरंज्या होत्या, सरबताचं पिंप होतं. मुलं तेवढी आली आणि मोठं माणूस एकही नाही. ज्यांनी पाट मांडले होते तेसुद्धा नाहीत. बाई फाटकापाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मला गावाचा असा संताप आला की मी तोरण ओढून काढायला निघाले होते. दुपारी बाई म्हणाल्या, "चल, विचारून येऊ." शाळेला लागूनच जिजाबाईंचा शेवंतीचा मळा. जिजाबाई खुरपत होत्या. बाईंनी विचारलं, "काय चुकलं आमचं?"

जिजाबाईंनी वर पाहिलं नाही. "अक्षत अर्ध्या गावाला दिली तुमी. ज्याचं दार सोडलं त्याचं भाऊबंद कसं येतील? एकाला टाळून दुसरा जेवाया जात नाय आमच्यात."

बाई घाईने समजावायला गेल्या, "अहो, टाळलं नाही. ज्यांच्या घरी मूल आहे त्यांनाच..."

बोलता बोलता त्या थांबल्या, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. जिजाबाई आणि आप्पांना मूलबाळ नाही. जिजाबाईंचं खुरपं थांबलं. "मूल नाय म्हनून शाळा आमची नाय व्हय? बोलवायचं तर चूलबंद बोलवावं."

चूलबंद आवतण म्हणजे सगळ्या घराला बोलावणं, लहानथोर सगळे, त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तिथेच मातीत जिजाबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला कळलं नाही हो. माझं तरी कुठे मूल आहे? आणि तरी शाळा माझी आहेच ना." जिजाबाईंनी त्यांचा हात धरला. मी उभीच होते, माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या दिवशी ताटली घेऊन आम्ही पुन्हा निघालो. सुरुवात जिजाबाईंच्या दारापासून केली आणि मग एकही घर सोडलं नाही. म्हाताऱ्या जोडप्यांची घरं, ज्यांची मुलं पुण्याला गेली ती घरं, ज्यांची मुलं पिवळ्या बसमध्ये बसतात तीसुद्धा. त्या आठवड्यात सारं गाव शाळेत जेवलं, आणि त्या जेवणापासून शाळेचे दिवस पालटले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या धोंडूआप्पांनी सगळे पंखे खाली उतरवून दुरुस्त केले आणि मग त्यांना शाळेतून हलवणं अवघड झालं. जिजाबाई फुलं बाजारात रवाना केली की व्हरांड्यात येऊन बसायच्या. पहिलीतलं रडणारं पोर त्यांच्या मांडीवर गेलं की गप्प व्हायचं. दसऱ्याच्या आधी झेंडूची तोडणी ऐन भरात असते, तेव्हा दरवर्षी अर्धा वर्ग मळ्यात असायचा. त्या वर्षी घरातल्या मोठ्यांनीच ठरवून मुलांना शाळेकडे पिटाळलं. शाळेत आता आपलंच कोणीतरी बसलेलं असतं म्हटल्यावर पिवळ्या बसमधली काही मुलंही परत आली. बाई मला खाजगीत म्हणायच्या, "मी इतकी वर्षं शिकवत होते, पण शाळा चालवायला आत्ता लागले."

शाळा राहिली. केंद्रप्रमुखांनी फोनवर तसं कळवलं तेव्हा मधली सुट्टी होती, खिचडी वाढणं चाललं होतं. बाई पातेल्याजवळ उभ्या राहून हमसून रडल्या. पोरांना वाटलं खिचडी करपली. थोड्याच महिन्यांत त्या निवृत्त झाल्या. आम्हाला वाटलं, आता मनमाडला भावाकडे जातील. पण त्यांनी शाळेच्या मागच्या गल्लीतच खोली भाड्याने घेतली, आणि मुख्याध्यापिका आता मी असूनही परिपाठाला आधी त्याच हजर असायच्या. मला कधीकधी वैताग यायचा. आज फाटक उघडताना तो आवाज येत नाही, तेव्हा नुसतं पोकळ वाटतं.

या जूनमध्ये अक्षता घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं होतं. जिजाबाईच कुंकू कालवून घेऊन आल्या. शेवटची घरं त्या गल्लीतली होती. बाईंच्या खोलीला कुलूप, दाराशी त्यांच्या चपला अजून तशाच. मी मान खाली घालून पुढे निघाले, तर जिजाबाईंनी माझा पदर धरला.

"कुलूप असलं म्हनून काय झालं? दार हाय ना."

मी वाकले. उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता ठेवल्या. प्रत्येक दारात म्हणत आले होते तेच म्हटलं, "सोमवारी शाळा भरतेय, बाई. चूलबंद आवतण आहे... या."