बाबांनी गाडीची चावी खिशात टाकली त्या दिवशी

आधीच सांगतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मेकॅनिकल इंजिनीअर. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधता येतं, याच्यावरच माझं पोट आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय...

आम्ही मुलुंड कॉलनीत राहतो, डोंगराच्या पायथ्याशी. बाबा एका दगडखाणीवर जीप चालवायचे. सुरुंगांच्या आवाजाने मी नववीत असतानाच त्यांचे दोन्ही कान गेले. कमी ऐकू येणं नव्हे – ठार बहिरे. बोलतात नीट, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मोबाईलवर मोठ्या अक्षरांत टाईप करून दाखवायचं. खाण बंद झाली तेव्हा मालकाने ती जुनी पेट्रोल जीप बाबांनाच देऊन टाकली. सकाळी चोक ओढून अर्धा तास मिनतवारी केल्याशिवाय ती कधी चालू झाली नाही.

गेल्या वर्षी मी ठरवलं, कार्ब्युरेटर काढायचा आणि इंजेक्शन सिस्टीम बसवायची. चार महिन्यांचे रविवार घातले. इंजेक्टर, टाकीत नवा पंप, सेन्सर, कंट्रोलर, सगळं स्वतः बसवलं. फक्त इंजिनाजवळ पेट्रोलचा पाइप वीतभर कमी पडला. इंजेक्शनच्या लाइनमध्ये प्रेशर कार्ब्युरेटरच्या दहापट असतं, त्याला वेगळा जाड पाइप लागतो. हे मला पाठ होतं. तरी जुन्या सामानातला रबरी पाइप कापून लावला. म्हटलं, ट्रायलपुरता... पुढच्या रविवारी बदलू.

त्या रविवारी सकाळी अकराला पहिली ट्रायल. सगळं ठीक निघालं तर लगेच बाबांना घेऊन गोराईला जायचं होतं. बाबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले. बायको – स्मिता – कंट्रोलरला जोडलेला लॅपटॉप धरून ड्रायव्हरच्या दाराशी बाहेर उभी. मी बॉनेट उघडून पुढे. स्मिताने चावी फिरवली. एका सेकंदात इंजिन चालू! झकास, एकसारखं.

मी अंगठा वर करतोय तोच बाबांनी हात लांबवून चावी बंद केली.

"रे, आराडतंस कित्याक? उतरतंय ना!"

ओरडलं कोण? मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. टाईप करून दाखवलं – 'कोणी ओरडलं नाही. बसा.' ते बसले. परत चालू केलं. वीस-पंचवीस सेकंद झाले असतील. बाबांनी पुन्हा चावी बंद केली, या वेळी उपटूनच घेतली आणि नेहमीची काठी न घेताच खाली उतरले.

"'बाबा, पट्टा काढा, पट्टा काढा' म्हणतंस... कसलो पट्टो? मी खंय लावलंय पट्टो?"

खरंच लावला नव्हता. सीटबेल्ट बाजूला लटकत होता.

मी चिडलो. "चार महिने मेहनत केली, आणि यांचं आता हे सुरू!"

"अरे, घाबरलेत ते, ओरडू नको ना त्यांच्यावर," स्मिता म्हणाली.

"त्यांना ऐकू तरी येणार आहे का?"

हे बोललो आणि स्वतःचीच लाज वाटली. बाबांनी चावी शर्टाच्या खिशात टाकली, वर हात ठेवला. टाईप करून, खुणा करून, हात जोडून... पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी म्हणाले, "गाडीत कोण बसूचा नाय. मगे देतंय." मी कबूल झालो. बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून चावी फक्त पहिल्या खटक्यावर नेली. इंजिन बंदच, नुसता पंप सुरू झाला.

फट्!

तो वीतभर पाइप उभा फाटला. पेट्रोलचा फवारा थेट एक्झॉस्टवर. आमच्या वादात एक्झॉस्ट थंड झाला होता म्हणून नुसता ओला झाला. तो तापलेला असता, इंजिन चालू असतं, आम्ही गोराईच्या वाटेवर घोडबंदर रोडला असतो आणि बाबा पट्टा लावून आत बसलेले असते... मी चावी मागे फिरवून पंप बंद केला.

पेट्रोलचा वास आला असेल म्हणावं, तर फुटेपर्यंत पाइप कोरडा होता, मी स्वतः हात फिरवला होता. चार दिवसांनी बाबांचे कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांत काही उरलेलं नाही, कुठलाही आवाज पोचणं शक्य नाही.

घरी आल्यावर मी टाईप केलं – 'तो आवाज माझाच होता कशावरून?'

बाबांनी ते वाचलं. "तुझो आवाज माका नववीतलो म्हायत. बारीक, पोरासारखो. ह्यो तसो नव्हतो. जाडो, खर्जातलो. रडताना मधीच फाटणारो." मग स्मिताकडे वळून विचारलं, "असोच बोलता मां ह्यो आता?"

स्मिताने होकारार्थी मान हलवली.

पाइप मी बदललाय, गाडी उत्तम चालते. पाइप का फुटला ते मी कुणालाही समजावून सांगू शकतो. बाबांनी त्या दिवशी काय ऐकलं, ते नाही.