गळाची काठी

मासे साफ करायचा मला कंटाळा नव्हता, राग होता. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर. खोपटच्या डेपोतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात डोंबिवलीच्या खाडीवर गळ टाकून बसायला लागले. सासूबाई त्याच्या आधीच गेलेल्या. छंद बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आणि आतडी माझ्या हाताला. बाजारात पापलेट मिळतं, सुरमई मिळते, कापून स्वच्छ करून मिळते. पण ह्यांना मासे आणायचे नव्हते, पकडायचे होते. पकडलेला मासा परत पाण्यात सोडावा हे त्यांच्या कोकणातल्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं.

"आलेली लक्ष्मी परतवू नये गो," असं म्हणून ते बोटभर बोयटांची पिशवी माझ्या सिंकमध्ये रिकामी करायचे. कधी शिंगाळा असायचा. एकदा त्याचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला, हात मनगटापर्यंत सुजला. बाबा म्हणाले, हळद लाव. मग विचारलं, शिंगाळा कापून झाला का? ते मी विसरले नाही. मी कोणतीच गोष्ट विसरत नाही, हा माझा गुण आहे.

भरतीच्या वेळा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचे. भरती काही सुट्टी बघून येत नाही. मंगळवारी येते, महिनाअखेरीला येते, माझ्या बॉसने दिवसभर डोकं खाल्लेल्या दिवशी तर हमखास येते. मी ऑफिसातून घरी शिरले की आधी वास यायचा आणि मग बाबांचा आनंदी आवाज. त्या आनंदाचाच मला जास्त राग यायचा, हे आता लिहून टाकते.

गेल्या वर्षी नवरात्रानंतर आमच्या जवळच्या बागेतल्या तळ्यावर एक पाटी लागली. या तलावात मासे पकडण्यास सक्त मनाई आहे. बस, एवढंच. तळ्याचा गाळ काढायचा होता. बाबा त्या तळ्यावर जन्मात कधी बसले नव्हते, साचलेल्या पाण्यातल्या माशाला ते मासा मानायचेच नाहीत. पण पाटीचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर आला आणि लोकांना काम मिळालं. कोणी लिहिलं, सगळीकडेच बंदी आलीय, खाडीलासुद्धा. कोणी लिहिलं, गळ जप्त करतात. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने तर कळवलं की तिकडे ड्रोन फिरतात. दिव्याला नळाला पाणी येत नाही, पण ड्रोन येतात.

मी ते सगळं वाचत होते आणि सिंकमध्ये सात बोयटं माझ्याकडे बघत होती. हात धुतले, फोन घेतला, फिरत आलेला खाडीबंदीचा मेसेज कॉपी केला आणि खाली माझी एक ओळ जोडली. 'गळाने मासे पकडताना सापडलेल्या पेन्शनधारकांना यंदा हयातीचा दाखला मिळणार नाही.' ग्रुपवर टाकला. बाबांना वेगळा पाठवला.

ज्यांच्या घरात पेन्शनर नाही त्यांना ह्या ओळीची धार कळायची नाही. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी अंगठा लावून सिद्ध करावं लागतं, नाहीतर पेन्शन बंद. बाबा सगळी नोकरी मेमोला घाबरून जगलेले. दाखल्याच्या कागदांची पिशवी ते दसऱ्यालाच काढून ठेवायचे. कुठे मारलं की लागतं ते मला बरोबर माहीत होतं.

तीन दिवसांत माझी ओळ माझ्याकडेच परत आली, ऑफिसच्या ग्रुपवरून, शेवटी 'सर्व ज्येष्ठांपर्यंत पोचवा' असं जोडून. मला गंमत वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी घाबरून घरातल्या काचेच्या टाकीतले रंगीत मासे पिशवीत भरून त्याच तळ्यात सोडले. सकाळी ते पोट वर करून तरंगत होते. त्याचाही फोटो ग्रुपवर आला आणि खाली हसणारे चेहरे. मग मॉर्निंग वॉकवाल्या कोणीतरी खाडीवरचा एक फोटो टाकला: पाठमोरा म्हातारा, डोक्याला खाकी टोपी, हातात काठी. वर लिहिलं होतं, 'ओळखा पाहू कोण?' एकाने लिहिलं, 'ह्यांचा दाखला गेला!' सगळ्यांनी ओळखलं. बाबांनीही. जेवताना ते म्हणाले, "टोपी धुवायला टाक गो," आणि ती पुन्हा घातली नाही.

रविवारी बाल्कनीतून करवतीचा आवाज आला. गावाहून आणलेली कळकाची काठी होती ती, त्यांच्या वडिलांनी तासलेली. तिचं जाड बूड त्यांनी कापून टाकलं. वरच्या अर्ध्याला, टोकाशी, चाकूने छान खाच पाडली आणि माझ्या हातात दिली.

"घे. कपडे वाळत घालायला होईल. तुझा हात वरच्या दांडीला पुरत नाही."

मी थँक्यू म्हणाले. त्या दिवशी माझं स्वयंपाकघर स्वच्छ होतं आणि मी चक्क गुणगुणत होते.

दिवाळीनंतर दाखल्यासाठी मीच त्यांना बँकेत घेऊन गेले. रांगेत वीस-पंचवीस म्हातारे होते. बाबांनी अंगठा लावला. मशीनने घेतला नाही. पुन्हा लावला. नाही. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेलं आणि नंतर गळाचा दोरा ओढलेला, रेघा उरल्या असतील तर मशीन घेणार ना!

"आजोबा, अंगठा येत नाहीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

बाबांनी काउंटरवर हात जोडले. "मॅडम, मी सोडलंय. आईशप्पथ सोडलंय. काठीपण तोडली. हिला विचारा."

"काय सोडलंय?"

"मासे."

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, दारू सोडा! मासे कशाला सोडताय?" सगळी रांग हसली. बाबांनी फोन काढून मेसेज दाखवला. मुलीने तो मोठ्याने वाचला, माझी ओळसुद्धा. आता तर गार्डही हसायला लागला.

"कोणी पाठवलं हे तुम्हाला?"

"ह्या आमच्या सूनबाई." बाबा माझ्याकडे वळले आणि त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात मोठेपणा होता. "हिने वेळेवर सावध केलं म्हणून. मुलगा माझा असला तरी लक्ष हिचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, 'काय हे आमचे बाबा' असं मान हलवत. न हसते तर लोकांना कळलं असतं.

"अहो आजोबा, ती पाटी फक्त बागेतल्या तळ्याची आहे," मुलगी म्हणाली. "माझे काका रोज खाडीवर बसतात. द्या, दुसरं बोट द्या." करंगळीच्या शेजारचं बोट मशीनने लगेच घेतलं. "झालं. आहात तुम्ही हयात."

रिक्षात, खाडीकडचं वळण गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे खाडीला बंदी नव्हतीच?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मला काय माहीत बाबा, मला पण आलेला तो मेसेज."

"हो. तुला कुठून माहीत असणार."

मला आतून काहीतरी टोचायला लागलं, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "आपण नवीन काठी घेऊ ना. ठाण्याला चांगल्या मिळतात, चाकवाल्या."

"नको गो," ते बाहेर बघत म्हणाले. "तुला वास येतो."

ह्या गोष्टीला आता वर्ष होईल. मी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाले. कॅलेंडरवर लाल पेन नाही. यंदाही दाखल्याची पिशवी दसऱ्यालाच काढून ठेवलीय.

रोज सकाळी मी त्याच काठीने कपडे वाळत घालते. बाबा खुर्चीत पेपर वाचत असतात. मी काठी उचलली की पेपर खाली ठेवतात आणि टोकाकडे बघत बसतात. ओल्या कपड्याच्या वजनाने टोक वाकतं, जरासं थरथरतं, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप उचलले जातात. मग त्यांच्या ते लक्षात येतं. हात खाली ठेवून ते म्हणतात, "जपून गो, टोक नाजूक आहे."