इंजिनाला लागलेला दम

अँजिओप्लास्टी करून अकोल्याहून घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो सायकलचा. मी हादरलेच. मरता मरता वाचलेला माणूस विचारतोय काय, तर मागच्या टायरात हवा आहे का. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: पायडल मारायचं नाही, ओझं ढकलायचं नाही, छातीत जरा काही वाटलं की लगेच यायचं. बाबांनी मान डोलावली होती. पण त्यांची मान का डोलते हे आमच्या घरात आजवर कुणालाच कळलेलं नाही.

वरवट बकालला रस्त्याच्या कडेला माझं छोटं दुकान आहे, फवारणी पंप आणि ग्रास कटर दुरुस्तीचं. बाईच्या हातात पाना बघून काही गिऱ्हाइकं अजूनही "मालक कुठं गेले?" असं विचारतात. त्यांची मशीन मी मुद्दाम सगळ्यात शेवटी हातात घेते. बाबांचा भाजीचा मळा गावाबाहेर, नाल्यापलीकडे. मोटरसायकल ते कधी शिकले नाहीत आणि दुसऱ्याच्या मागे बसायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. घरात बसून राहिले तेव्हा वांग्याच्या भाजीत मीठ कमी, चहात साखर जास्त, असं करत त्यांनी आईचं डोकं खाल्लं. मळ्यात गेले नाहीत तर हा माणूस झुरून मरेल आणि पायडल मारून गेला तर छातीने मरेल, हे मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, त्यांच्या सायकललाच इंजिन बसवायचं.

भंगारात पडलेला एक ग्रास कटर होता. तण कापायचं पातं आणि लांब दांडा काढून टाकला, इंजिन तेवढं ठेवलं. कॅरियरच्या जागी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून ते सीटच्या मागे बसवलं. पण ते फिरतं भन्नाट. तेवढ्या वेगाने चाक फिरलं असतं तर बाबा मळा ओलांडून थेट जळगाव जामोदला पोचले असते. म्हणून मध्ये एक जादा दातेरी चक्र घालून वेग उतरवला, रेस आणि बंद करायचं बटण हँडलवर आणलं. बाबा रोज दुकानात येऊन स्टुलावर बसत आणि मी काय करते ते बघत. अधूनमधून छातीवरून हात फिरवत. काय झालं म्हणून विचारलं की म्हणत, "उकडून राह्यलं वं, बाकी काही नाही."

दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. माझाच विश्वास बसेना. बाबा सीटवर बसले, रेस दिली आणि धूर सोडत मळ्याकडे निघाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र रस्त्यावर उभी राहून लहान पोरीसारखी हसत होते.

पुढे काही दिवसांनी एक पंप पोचवायला मी स्कूटीवरून त्याच बाजूला गेले. नाल्याच्या चढावर बाबा दिसले. इंजिन चालू होतं आणि हा माणूस वर उभा राहून पायडल मारत होता.

"बाबा, इंजिन चालू हाय ना? मग पाय काऊन मारता?"

ते थांबले. घाम पुसत म्हणाले, "चढावर त्याले दम लागते वं. आवाज आयक त्याचा. मी काय नुसता बसून राहू?"

आमच्याकडे बैल होते तेव्हा भरलेली बंडी याच चढाला लागली की बाबा खाली उतरून चाकाला खांदा द्यायचे. बैल ओढतायत आणि आपण वर बसलोय, हे त्यांना कधीच जमलं नाही.

"बैल नाही ते, इंजिन हाय," मी ओरडले.

"ओढते त तेच ना," बाबा म्हणाले.

माझं डोकं सणकलं. त्याच संध्याकाळी मी पायडलं काढून टाकली आणि पाय ठेवायला पट्ट्या लावल्या. आता काय मारणार, म्हटलं. सकाळी खात्री करायला नाल्याजवळ जाऊन बाभळीआड थांबले. बाबा आले. चढ लागला, इंजिन घुरघुरलं, तसे ते खाली उतरले आणि चालू इंजिनाची सायकल दोन्ही हातांनी वर ढकलायला लागले. हे तर पायडलपेक्षा वाईट होतं. अशा माणसाला सांगून काही उपयोग नव्हता. इंजिनालाच दम लागू न देणं, एवढाच उपाय उरला होता.

सायकल दुकानात आणली, सायलेन्सरमधली काजळी काढली, मागच्या चाकाला आणखी मोठं चक्र लावलं. सपाटीला आता बकऱ्यासुद्धा पुढे निघून जातील इतकी ती हळू झाली, पण ओढ वाढली. दुसऱ्या दिवशी मी स्कूटी घेऊन बाबांच्या मागोमाग निघाले. चढ आला. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. बाबांचे पाय पट्ट्यांवर तसेच राहिले. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला.

वर पोचल्यावर बाबांनी बटण दाबून इंजिन बंद केलं आणि बांधावर बसले. सकाळचा गारवा होता, तरी कपाळावर घाम होता.

"आता काय झालं? चढलं ना नीट?"

"हाव. त्याचा दम गेला," बाबा म्हणाले. "माहा राह्यला."

मला समजायला एक क्षण लागला. एवढं छातीत घेऊन हा माणूस पायडल मारत होता, सायकल ढकलत होता.

"कधीपासून?"

"तू हे बनवून राह्यली होती, तवापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं त तू बनवलीच नसती."

अकोल्याला न्यायला मी फोन करून गाडी बोलावली. राग इतका आला होता की इंजिनाच्या प्लगची टोपी उपसली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली, आता पुन्हा कसं चालू होतं ते बघतेच. बाबा त्या गाठीकडे बघत होते.

"हरवू नोको," ते म्हणाले.