पंचाण्णव केळी आणि एक हर्निया

जळगावात वाढल्यामुळे केळ्यातलं मला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. ती धुळ्यात मोडली. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात मी हाऊस सर्जन होतो आणि आमच्या सरांचा नियम होता, की शंभर केळी शिवल्याशिवाय माणसावर सुरी चालवायची नाही.

केळ्याच्या सालीला दोन इंचांची चीर द्यायची, आतल्या गराला पातं लागू द्यायचं नाही आणि चीर सहा टाक्यांनी बंद करायची. रोज पाच केळी. संध्याकाळी सर त्यांतलं मनाला येईल ते एक उचलून सोलत. गरावर रेघ दिसली तर पाचही बाद. नाही दिसली तर पाचही जमा, आणि ते केळं सरांच्या पोटात. मी वहीत रोजची नोंद ठेवली होती. पंचवीस दिवसांपैकी सहा बाद गेले, एकोणीस जमा. म्हणजे पंचाण्णव केळी. शंभर भरली की यादीतला पुढचा हर्निया माझा, असं सरांनी कबूल केलं होतं. सात महिने मी दुसऱ्यांच्या ऑपरेशनांत जखमेच्या कडा ओढून धरत उभा होतो. त्या पाच केळ्यांवर माझा किती जीव होता, ते यावरून समजावं.

केळी मात्र माझी नव्हती. वॉर्डात रात्रीच्या जेवणाबरोबर प्रत्येकाला एक केळं मिळे. दुपारी भटारखान्यातून पाच उसनी आणायची, शिवायची, सरांना दाखवायची, मग टाके काढून चार पुन्हा टोपलीत ठेवायची, चीर खाली करून. सरांनी खाल्लेल्याच्या जागी मी मेसमधलं माझं केळं ठेवत असे. पेशंटांच्या केळ्यांची मोजणी मी एकानंही कमी होऊ दिली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. सरांना वाटे, मी केळी बाजारातून आणतो. तसं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

पंचाण्णव भरली त्या संध्याकाळी आनंदात मी एका केळ्याचे टाके काढायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर राऊंडला आले. चोपड्याकडचे एक नाना हर्नियासाठी भरती होते. घरची केळीची बाग, वय साठच्या पुढे, मिशा पांढऱ्या. त्यांनी उशीखालून केळं काढलं आणि सरांसमोर धरलं. सहा काळे टाके, एका रांगेत.

“साहेब, हाई केयं कोनी शिवं?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. माझा खोलीतला जोडीदार माझ्या कानाशी आला. “गप्प राहा. पेशंटच्या तोंडचा घास पळवला म्हणून घरी पाठवतील.”

सर आमच्याकडे वळले. “हे माझ्या माहितीतलं शिवणकाम दिसतंय. कुणाचं?”

मी टाके मोजले. सहा. अंतरं सारखी. नाही म्हणायला जागाच नव्हती. “माझं, सर. एक्क्याण्णव ते पंचाण्णवपैकी एक.”

“भटारखान्यातली केळी?”

“उसनी, सर.”

वॉर्ड हसायला लागला. सरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी नानाच बोलले, “ज्यानी हाई शिवं, त्यानाच हातनं मन्हं आपरेशन व्हई. नहीतर हाऊ मी चालनू घर.”

सरांनी केळं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, “नाना, माणूस मिळेल. पण नियम शंभराचा आहे. याची पाच राहिलीत.”

“मंग तपासनार मी.”

दुपारपर्यंत नानांच्या पुतण्यानं दोन फण्या आणून पलंगाखाली ठेवल्या. मी स्टुलावर बसून शिवू लागलो, आणि अख्खा वॉर्ड भोवती. नानांनी पाचही केळी घेतली, पण सोलली नाहीत. उशाशी ठेवून दिली.

“नाना, बघा ना.”

“सकायले.”

सकाळी पाचही केळ्यांवर, चिरेच्या बाजूला, काळे डाग उमटले होते. माझ्या डाव्या अंगठ्याचे. नानांनी सरांना दाखवलं. “सुई चांगली शे यानी. अंगठा जड शे. आम्ही घड उतारतस तं असा दाबतस नही. देठले धर ना भो!”

सर खूश झाले. “सात महिने मी हेच सांगतोय, की मांस दाबू नका, अलगद उचला. माझं कोण ऐकतो?” पाचही बाद. ऑपरेशन एक दिवस पुढे.

त्या दुपारी मी दुसरी पाच शिवली. अंगठा लावायचाच नाही म्हटल्यावर एका केळ्याला अर्धा तास लागला. पुढल्या सकाळी नानांनी ती उजेडाकडे धरून फिरवली, एक सोललं, खाल्लं आणि सरांना म्हणाले, “चालू द्या.”

नानांच्या कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. माणूस पूर्ण जागा. छातीवर आडवा पडदा. समोर सर, मदतीला. मी सुरी हातात घेतली तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

“डाक्टर, हाऊ हर्निया कितवा तुन्हा?”

सरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. मला त्याचा अर्थ कळला. पण आकडा विचारला की चुकीचा सांगणं मला अजूनही जमत नाही.

“पहिला, नाना.”

सरांचा पाय तिथंच. सुरी हवेत.

“मंग हयूहयू कर,” नाना म्हणाले. “माले काही घाई नही शे.”