पुढचं चाक

कॅनडातल्या थंडर बेमध्ये मे महिना उजाडला तरी फिनिश हॉलच्या मागच्या आवारात बर्फाचा एक काळपट ढीग उरलेला असतो. त्या ढिगाशेजारी, मेच्या तिसऱ्या रविवारी, जुन्या मोटरसायकली जमतात आणि वर्षातली पहिली फेरी काकाबेकाच्या धबधब्याकडे निघते. सगळ्यांच्या पुढं कुणी राहायचं ते तायस्तो ठरवतो. तायस्तो ब्याऐंशी वर्षांचा. गाडी सोडून त्याला सहा वर्षं झाली, पण वाकायला अजून जमतं. तो प्रत्येक गाडीच्या चाकापाशी वाकतो, आऱ्यांवरून पांढरा रुमाल फिरवतो आणि रुमालाकडे बघतो; ज्याचं चाक सगळ्यांत चकचकीत, तो पुढं.

इर्मा कोस्केला अकरा वर्षं सलग पुढं होती. गेल्या वर्षी देल्फीन पुढं होती.

इर्मा शाळेची बस चालवते. पहिल्या पगारातून तिनं साडेसातशे डॉलरची सेकंडहँड मोटरसायकल घेतली, तेव्हा बाप आठ दिवस बोलला नव्हता. नवव्या दिवशी तोच म्हणाला, "चाकं तरी पूस." तेव्हापासून इर्मा चाकं पुसते आहे. सात आऱ्यांची ओतीव चाकं. खोलगट भाग काळा, कडा उघड्या धातूच्या. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ वरच्या पारदर्शक लॅकरच्या आत शिरतं आणि धातूवर पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा उमटतात. दर वसंतात इर्मा ते सगळं खरवडून काढते, एकाहून एक बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवते, काळा रंग देते, कडांवरचा पुसून घेते. टायर काढत नाही. हवा सोडते आणि रिम आणि टायरच्या फटीत सगळीकडून खेळायचे पत्ते खोचते, म्हणजे रंग रबराला लागत नाही. तिचा नवरा ओन्नी हिवाळाभर ज्या पत्त्यांनी खेळतो त्या सगळ्यांच्या कडा काळ्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी क्वेबेकहून देल्फीन आली. उंच, साठीची, हसली की पुढचे दोन दात दिसतात. इर्माच्या बसचा रस्ता तिच्या घरावरून जातो. यंदा एप्रिलभर इर्मा तिच्या गॅरेजसमोर बस हळू करायची. एकदा मागच्या सीटवरच्या मुलीनं विचारलंच, "इर्मा, आपण इथं का थांबतो? इथं तर कुणीच चढत नाही."

"खड्डा आहे."

"कुठंय?"

"बस खाली."

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत देल्फीनचं चाक टांगलेलं होतं आणि त्याचा काळा रंग असा एकसारखा बसला होता, की इर्माला दिवसभर जेवण गेलं नाही. घरी येऊन तिनं आपला काळा रंग खरवडला. पुन्हा दिला. पुन्हा खरवडला. असं तीनदा झालं, आणि त्यात फेरीच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला.

शनिवार म्हणजे सॉनाचा, घरच्या वाफेच्या स्नानाचा, दिवस. एरवी इर्मा लॅकरचं काम शुक्रवारीच उरकते. शेड अजून थंडगार असते, म्हणून तिथं लॅकर फवारायचं आणि चाक लगेच सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे बदलायच्या बाकावर, उबेत नेऊन ठेवायचं. या वेळी मागचं चाक सकाळी झालं आणि वाळून शेडमध्ये परतलंही. पुढचं दुपारी चारला बाकावर आलं. "ओन्नी, आज बस आत हवं तर," ती म्हणाली, "पण तापल्या दगडांवर पाणी टाकायचं नाही. लॅकर ओलं आहे." ओन्नीनं मान डोलावली. तो आठवड्यात दहा-बारा वाक्यं बोलतो, आणि मान डोलावणं त्यात धरत नाही.

सहा वाजता इर्मा आत आली. काळं चाक दुधाळ झालं होतं. थंड काचेवर कुणी फुंकर मारावी आणि ती फुंकर तशीच राहून जावी, तसं.

"ओन्नी, किती पाणी टाकलंस?"

आतून आवाज आला, "एक डाव."

"ओन्नी."

"चार. पण दार लावून घेतलं होतं."

"नको म्हटलं होतं ना मी?"

"पाण्याशिवाय सॉना म्हणजे नुसतं गरम कपाट. मी काय कपाटात बसू?"

सगळं पुन्हा खरवडायचं, तर लॅकर काढायचं रसायन हवं. तिच्याकडचं संपलेलं आणि दुकानं बंद. गावात ते ज्या एका घरी नक्की असणार होतं, तिथवरचा रस्ता तिला पाठ होता.

देल्फीननं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात वाटाण्याच्या सूपचा वाडगा होता.

"लॅकर काढायचं काही आहे का तुझ्याकडे? एकाला हवंय."

"कुणाला?"

"आहे एक."

"त्या एकाचं लॅकर पांढरं पडलंय का?"

इर्मानं बुटांकडे बघितलं. "वाफ लागली."

"मग काढतेस कशाला? थांब." देल्फीननं वाडगा ठेवला. "अठरा वर्षं मी फर्निचरच्या कारखान्यात लॅकर मारलंय, बाई. ऑगस्टच्या दमट हवेत रोज टेबलं पांढरी व्हायची. सावकाश उडणारं थिनर असतं, ते हलकं फवारायचं. लॅकर पुन्हा मऊ होतं, आत अडकलेलं पाणी निघून जातं."

म्हणजे तो काळा रंग अठरा वर्षांचा होता. इर्मा बस चालवत होती तेव्हा ही बाई रोज आठ तास हात बसवत होती. हे कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इर्माच्या शेडमध्ये, संध्याकाळच्या लख्ख उजेडात, देल्फीननं एकदा मनगट फिरवलं. मग दुसऱ्यांदा. गाडीच्या काचेवरचं धुकं सरावं तसं पांढरं सरत गेलं आणि खालून काळा वर आला. स्वतःचंच चाक, तीन आठवड्यांची मेहनत, तरी क्षणभर इर्माच्या मनात आलं: नको, जाऊ नये ते पांढरं. हिच्या हातानं तर नकोच.

टॉवेल गुंडाळून ओन्नी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आला. देल्फीननं विचारलं, "चार डाव टाकलेस म्हणे?" आणि ओन्नी तिला आपल्या आज्याच्या सॉनाची गोष्ट सांगू लागला. सगळी, सुरुवातीपासून. ही गोष्ट इर्मानं लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

"पाव छान आहे," जाताना देल्फीन म्हणाली.

"विकतचा आहे," इर्मा म्हणाली. तो तिनंच भाजला होता.

रविवारी तायस्तो सगळ्या रांगेतून वाकत आला. देल्फीनच्या चाकापाशी बराच वेळ थांबला. मग इर्माच्या पुढच्या चाकापाशी आला, रुमाल फिरवला, पुन्हा फिरवला.

"यात मला माझं तोंड दिसतंय," तो म्हणाला, "आणि बरं दिसतंय. यंदा पुढं इर्मा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इर्मानं देल्फीनकडे बघितलं. आता ही सांगेल. हसत, दोन दात दाखवत, सहज सांगेल, आणि मग इर्माला तिचा मनसोक्त राग करता येईल. देल्फीन जॅकेटची चेन लावत होती. तिनं हेल्मेट उचललं, त्याच्या काचेवरची माशी झटकली. काही बोलली नाही. बोलणारही नव्हती, ते तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

काळा रंग, ओन्नीची गोष्ट, आणि आता वर हा मोठेपणासुद्धा हिचाच.

"तायस्तो," इर्मा म्हणाली. "पुढचं चाक काल वाया गेलं होतं. ते हिनं वाचवलं."

टाळ्या थांबल्या. देल्फीन वळली. "अगं, दोन फवारे तर मारले."

"दोनच मारले. म्हणूनच सांगतेय." लोक आता देल्फीनकडे बघत होते, कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटलंही. इर्मानं ते पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"मग पुढं कोण?" तायस्तोनं विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. पण मागचं चाक सगळं माझं आहे, पहिल्या पेपरापासून. ते अजून तुम्ही बघितलेलं नाही."

तायस्तोनं रुमालाची स्वच्छ बाजू वर घेतली, गुडघ्यावर हात टेकला आणि मागच्या चाकापाशी सावकाश वाकला.